गिरण थांबली की

आमच्या हिंगणमाळात एसटी थांबते त्या जागेला स्टँड म्हणतात. स्टँड म्हणजे एक लिंबाचं झाड, त्याखाली सिमेंटचा बाक, बाकामागं कुणाच्या तरी वाढदिवसाचा फाटका फ्लेक्स आणि समोर आक्काताईची पिठाची गिरण. गिरणीला लागून माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मी दिवसभर पीठ खातो आणि पीठ खाल्लेले मोबाइल उघडतो. गिऱ्हाइकाला वाटतं मोबाइल जुना झाला. खरं तर त्याच्या स्पीकरमध्ये आक्काताईची ज्वारी अडकलेली असते, पण धंद्यात सगळंच बोलून चालत नाही.

आक्काताई ठेंगणी, अंगानं भरलेली, साठीच्या आसपासची. सकाळी घरातून येते तेव्हा तिचे केस बऱ्यापैकी काळे असतात, संध्याकाळी परत जाते तेव्हा भुवयांसकट पांढरे. मोटारीच्या घरघरीवर आवाज काढायची सवय लागल्यानं तिला हळू बोलता येत नाही. ती एखाद्या बाईच्या कानात गुपित सांगते ते रस्त्यापलीकडच्या सलूनमध्ये नीट ऐकू येतं. डब्यावरून तिला घर कळतं. गव्हाचा डबा एकाएकी मोठा आला की ती विचारते, "कोण पाव्हणं आल्यात गं?" नाचणी आली की विचारते, "कुणाची साखर वाढली?" एका मास्तरांनी गुपचूप ओट दळायला आणले, तर तिनं ते मुठीत घेऊन सगळ्या स्टँडला दाखवले आणि मास्तर पुढं महिनाभर गिरणीकडं फिरकले नाहीत.

पण तिची खरी ओळख वेगळी आहे. गिरण चालू असताना आक्काताई बोलते ते इकडचं तिकडचं. एखादी गोष्ट नीट सांगायची असली की ती हात लांब करून भिंतीवरचं बटण दाबते. पट्टा फडफडत थांबतो, घरघर विरते, आणि बाकावरची माणसं माना वळवतात. आक्काची गिरण थांबली, म्हणजे आता काहीतरी खरं कानावर पडणार, असं गावात म्हणतात. या बटणानं आमच्या गावाचं जे झालं तेच मला सांगायचं आहे.

त्यासाठी आधी चौकशीचं सांगायला हवं. आमच्या भागात हल्ली फोटो आणि बायोडेटा व्हॉट्सॲपवर फिरतात, मुलगी बघणं होतं, मुलगा-मुलगी फोनवर बोलतातही. तरी मुलीकडचं एखादं माणूस मुलाच्या गावच्या स्टँडवर उतरून चौकशी करून जात नाही, तोवर सोयरीक पक्की होत नाही. हा माणूस लांबूनच ओळखू येतो. कडक इस्त्रीचे कपडे, हातात रिकामी पिशवी. आल्या आल्या विचारतो, "हळदीचं बेणं कुठं मिळंल हो इकडं?" दिवाळीच्या तोंडावर हळदीचं बेणं विचारणारा शेतकरी जगात नसतो. पण आम्हीही त्याला कळू देत नाही. त्याला बाकावर जागा देतो, चहा सांगतो, आणि चहा अर्धा झाला की तो सहज विचारल्यासारखं एखाद्या पोराचं नाव काढतो.

आणि इथंच आमच्या गावाला एक घाण रोग लागला होता. पाहुण्यानं नाव काढलं की बाकावरचा माणूस कप खाली ठेवायचा, लांब कुठंतरी बघायचा आणि म्हणायचा, "पोरगा चांगला हाय. बाकी मग तुमी बघा." एवढंच. या 'बाकी मग तुमी बघा'वर पाहुणा पुढच्या गाडीनं परत जायचा आणि पुन्हा दिसायचा नाही. माझ्याबद्दल तर कुणीतरी पुढं जाऊन सांगितलं की गिरणीशेजारी बसून बसून कपिल ठार बहिरा झालाय. तेव्हापासून जे पाहुणे येतील ते माझ्याशी ओरडून बोलायचे. मला वाटायचं, बिचाऱ्यांची बोलायची पद्धतच असेल. म्हणून मीही ओरडून उत्तरं द्यायचो, आणि त्यांची खात्री पटायची.

हे का करायचे, असं मला बाहेरची माणसं विचारतात. कुणाचं बांधावरून वाकडं होतं, कुणाचं निवडणुकीवरून. पण बऱ्याचदा कारणच नसायचं. आपल्या घरातला पोरगा बसून आहे आणि शेजाऱ्याच्या दारात मांडव पडतोय, एवढं पुरायचं. या एका बाबतीत मात्र गावानं भेदाभेद पाळला नाही. वरची आळी, मळ्यातली घरं, आमची बुद्धविहाराजवळची वस्ती, सगळ्यांच्या सोयरिकी त्यांनी सारख्याच इमानानं मोडल्या.

मुली कमी, त्यांना नोकरीवाला हवा, हे सगळीकडचंच रडगाणं आहे, मला मान्य आहे. पण शेजारच्या गावांत मांडव पडत होते आणि आमच्याकडं पडेनात. मांडववाल्यानं आपलं दुकान कडेगावला हलवलं. आमची क्रिकेटची टीम तिशी ओलांडलेल्यांची झाली, आणि धाव काढताना कुणाचा गुडघा धरायचा तर कुणाची कंबर. पोरं बायोडेटावर स्वतःचं गाव सोडून मामाचं गाव लिहायला लागली. हसण्यावारी नेण्यासारखं एवढंच होतं. एकाचं मोडलं की तो दुसऱ्यावर संशय घ्यायचा, दुसरा तिसऱ्यावर. सख्ख्या चुलत जावा एकमेकींच्या हळदी-कुंकवाला जाईनात. बाकावर चौघं बसले तरी मध्ये एकेकाची जागा मोकळी ठेवून बसायचे. खोटं बोलणारे थोडेच होते, पण कोण ते माहीत नसल्यानं सगळं गाव एकमेकांना परकं झालं. मला याचा अजून राग येतो.

शेवटी लालासाहेब सुभेदारांनी मनावर घेतलं. सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन आलेले, मिशा अजून ड्युटीवर असल्यासारख्या ताठ. त्यांनी देवळात गाव गोळा केलं आणि सांगितलं, आजपासून गावातल्या कुठल्याही पोराबद्दल पाहुण्यासमोर वाईट शब्द काढायचा नाही. चांगलंच बोलायचं. लोकांनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली, आमच्या वस्तीनं आपल्या पद्धतीनं शब्द दिला. आक्काताई तेवढी उठली आणि म्हणाली, "वाईट बोलायचं न्हाई ह्ये बेस हाय, सुभेदार. पर नसल्यालं चांगलं मी न्हाई सांगणार. मी गपच बसती." आणि डबे राहिलेत म्हणून निघून गेली. लोक हसले.

सुभेदारांना अर्धवट काम आवडत नाही. काय बोलायचं तेही त्यांनी ठरवून दिलं आणि गावाकडून पाठ करून घेतलं. 'निर्व्यसनी, कष्टाळू, मोठ्यांच्या शब्दाबाहेर नाही.' मग सलूनमध्ये विचारा, चहावाल्याला विचारा, शेरडं घेऊन चाललेल्या म्हातारीला विचारा, सगळीकडून हेच, याच क्रमानं. एकदा एक व्यापारी हिंदुरावांचा बैल बघायला आला. हिंदुराव म्हणजे बाकावरचा कायमचा गडी, आधीच्या काळात 'बाकी मग तुमी बघा' म्हणण्यात पहिला. त्यांचा बैल मारका म्हणून पंचक्रोशीत नाव कमावलेला. व्यापाऱ्यानं बाकावर विचारलं, "कसा हाय?" बाकावरची माणसं एका सुरात म्हणाली, "कष्टाळू हाय, मोठ्यांच्या शब्दाबाहेर न्हाई." व्यापाऱ्यानं विश्वासानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला. मग आम्ही त्याला उचलून माझ्याच दुकानाच्या पायरीवर बसवलं.

मांडव मात्र पडायला लागले. मी तीन-चार ठिकाणी पोटभर जिलेबी खाल्ली. सुभेदारांच्या मिशा आणखी वर गेल्या. आणि मग रेश्मा आली.

रेश्मा वरच्या आळीत सून म्हणून आली होती. नवऱ्याचं नाव सांगत नाही, तो आता सुधारण्याच्या वाटेवर आहे. तेव्हा तो रोज प्यायचा, आणि हे सगळ्या गावाला माहीत होतं. तिचा चुलता चौकशीला आला तेव्हा बाकानं तोंडपाठ वाक्य म्हणून दाखवलं. त्यानं गिरणीकडंही बघितलं होतं. आक्काताईनं मान खाली घालून गहू ओतले होते आणि गिरण चालूच ठेवली होती. लग्नानंतर काही महिन्यांनी एका सकाळी रेश्मा कपड्यांची पिशवी घेऊन स्टँडवर आली. गाडी यायची होती. ती गिरणीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आक्का, तुमास्नी ठावं हुतं न्हवं?"

आक्काताई म्हणाली, "व्हय."

गाडी आली, ती गेली. त्या दिवशी गिरण संध्याकाळपर्यंत अखंड चालली आणि आक्काताई कुणाशीही एक शब्द बोलली नाही. रेश्माच्या माहेरी सगळ्यांना कळलं. त्या बाजूच्या गावांत आमच्या गावाचं नाव पुन्हा खाली आलं, आणि या वेळी तर आमच्या तोंडून निघालेलं चांगलंसुद्धा कुणी खरं मानेना.

आता शिवतेजचं सांगतो. शिवतेज आक्काताईचा एकुलता एक मुलगा, माझ्याच शाळेतला, माझ्यापेक्षा थोडा लहान. शिरवळला कंपनीत कामाला, तिथंच खोली करून राहतो, सुट्टीला घरी येतो. दिसायला देखणा, बोलायला गोड, हाताला कामाचा. आला की आईचे डबे उचलणार, मोटारीला तेल देणार, म्हाताऱ्यांचे मोबाइल माझ्याकडून फुकट दुरुस्त करून घेणार. आणि शनिवारी येणार तो पिऊन. भांडण नाही, आरडाओरडा नाही, नुसता हसत हसत झोकांड्या खात गाडीतून उतरणार. त्याचा बाप असाच हसत उतरायचा, आणि पुढं हसणं गेलं तरी पिणं राहिलं. आक्काताई ऐन चाळिशीत विधवा झाली ती त्यापायी. तिनं भाड्याच्या जागेत गिरण घातली आणि पोराला वाढवलं.

शिवतेजसाठी मेढ्याकडची मुलगी सांगून आली. संयोगिता, साताऱ्यात औषधाच्या दुकानात नोकरी करणारी. शिवतेज मामाला आणि सुभेदारांना घेऊन मुलगी बघून आला आणि माझ्या दुकानात बसून येडबंबूसारखा हसत राहिला. मुलीलाही तो आवडला होता. दोघं फोनवर बोलायला लागले. आक्काताईनं मुलगी फोटोत बघितली आणि फोटो पिठाच्या बोटांनी इतका पुसला की माझा मोबाइल पांढरा झाला. ती पोराला एवढंच म्हणाली, "पिणं सोड, मग हो म्हण." शिवतेज म्हणाला, "आई, लग्न झालं की सोडतो. शपथ." तिचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. हे वाक्य तिनं आधी ऐकलेलं होतं.

काही दिवसांनी दुपारच्या गाडीतून एक उंच, शिडशिडीत म्हातारे गृहस्थ उतरले. पांढरी टोपी, हातात रिकामी पिशवी. ते मुलीचे वडील नाथाजी होते, पण तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. त्यांनाही गिरणवाली बाई कोण ते माहीत नव्हतं, कारण शिवतेजनं बायोडेटावर आईपुढं 'गृहिणी' असं लिहिलं होतं. गिरण लिहायला त्याला कमीपणा वाटला असावा. नाथाजींनी बेण्याची चौकशी केली, चहा घेतला आणि शिवतेजचं नाव काढलं. हिंदुरावांनी घसा साफ केला.

"निर्व्यसनी, कष्टाळू, मोठ्यांच्या शब्दाबाहेर न्हाई," हिंदुराव म्हणाले.

नाथाजींनी मान हलवली. सलूनमध्येही त्यांना हेच सांगितलं होतं. त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि उठून गिरणीच्या दारात गेले. "बाई, तुमी काय म्हणता?"

आक्काताईनं त्यांच्या टोपीकडं बघितलं, रिकाम्या पिशवीकडं बघितलं. मग हात लांब करून बटण दाबलं.

"पोरगं मनानं चांगलं हाय," ती म्हणाली. आवाज तिच्या सवयीनं मोठाच होता, सगळ्या स्टँडला ऐकू गेला. "कामाला मागं सरत न्हाई. पर पितंय. शिरवळास्नं शनवारी येतंय ते पिऊनच येतंय. लगीन झाल्यावर सोडतो म्हणतंय. त्येचा बा बी तसंच म्हणला हुता. त्येनं न्हाई सोडली, आन त्यातच गेला. तुमी पोरगी द्यायची घाई करू नगा."

नाथाजींनी विचारलं, "तुमी त्येच्या कोण म्हणायच्या?"

"आई," आक्काताई म्हणाली.

नाथाजींनी टोपी काढली, कपाळ पुसलं, पाणी मागितलं. तिनं तांब्या दिला. पिऊन झाल्यावर त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी परत दिला, "येतो बाई," म्हणाले आणि गाडीची वाट बघत उन्हातच उभे राहिले, बाकावर बसले नाहीत. आक्काताईनं गिरण सुरू केली. बटणावर गेलेला हात मात्र तिला लगेच खाली घेता आला नाही. ती भिंतीला धरून तशीच उभी राहिली, आणि मला जाऊन तिच्याजवळ बसावंसं वाटलं. मी गेलो नाही, समोरचा मोबाइल उगाच उघडत बसलो.

गिरणीत तिला फोन ऐकू येत नाही, म्हणून शिवतेजचे फोन माझ्या मोबाइलवर येतात. तिसऱ्या प्रहरी फोन आला, बाकावरून कुणीतरी त्याला कळवलं होतं. "आईला दे," एवढंच म्हणाला. मी दिला. तो काय म्हणाला ते तिच्या उत्तरावरून कळलं. ती म्हणाली, "तुझी आई हाय म्हणूनच सांगितलं रं." त्यानं फोन ठेवला. पुढचे कितीतरी शनिवार तो आला नाही. शनिवारच्या गाडीच्या वेळेला आक्काताई गिरण चालू ठेवून दारात उभी राहायची आणि गाडी गेली की आत जायची.

गाव भडकलं. स्वतःच्या पोराची सोयरीक मोडणारी बाई कुणी ऐकली नव्हती. पोरीच्या बापासमोर सगळं गाव खोटं पडलं होतं, याचा राग त्याहून मोठा होता. लोकांनी दळण बंद केलं. हिंदुराव डबा मोटारसायकलला बांधून शेजारच्या गावी जायला लागले. तिथली गिरण भरडच दळते. त्यांच्या घरातल्या भाकरीच्या कडा फाटायला लागल्या, आणि बायकोचं बोलणं तेवढं धारदार झालं. तरी मानी माणूस, जातच राहिले.

मग एके दिवशी सुभेदार स्वतः गिरणीवर आले. दळण नव्हतंच, गिरण बंदच होती, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

"आक्का, पोटच्या पोराच्या सोयरिकीत मोडता घातलास. गावाचा शब्द मोडलास," सुभेदार म्हणाले.

आक्काताई चाळण झाडत होती. ती म्हणाली, "सुभेदार, माझा बा या स्टँडवर आला हुता, माझ्या लग्नाच्या आधी. त्येनं लिंबाखाली एका रजेवर आलेल्या जवानाला इचारलं, पोरगा कसा हाय. त्यो जवान काय म्हणला, तुमास्नी आठवतंय?"

सुभेदारांची मिशी हलली. त्यांनी लिंबाकडं बघितलं. मग म्हणाले, "मला वाटलं, लगीन झालं की सुधारंल."

"सगळ्यास्नी तसंच वाटतंय," आक्काताई म्हणाली. "सुधारायला दुसऱ्याची लेक लागतीया. माझा बा मरस्तवर म्हणायचा, फौजेतला माणूस खोटं कशाला बोलंल. मी तुमास्नी कवा बोलली न्हाई, आन आता बी बोलली नसती. पर रेश्मा माझ्या दारात उभी राहिली. तिचा चुलता आला तवा मी गिरण चालू ठिवली हुती, सुभेदार. त्ये खोटंच झालं की."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं असावं. सुभेदार मान खाली घालून उभे राहिले. आक्काताईनं चाळण टांगली आणि विचारलं, "दळण आणलंय का नुसतंच बोलायला आलाय?"

दुसऱ्या दिवशी सुभेदार गव्हाचा डबा खांद्यावर घेऊन सगळ्या गावासमोरून चालत गिरणीवर आले. गड्याला दिला नाही, गाडीवर ठेवला नाही. बाकापाशी थांबून त्यांनी नवा हुकूम सोडला. ज्याला माहीत आहे त्यानं खरं सांगावं, ज्याला माहीत नाही त्यानं चहा प्यावा. हिंदुरावांच्या बायकोनं तर त्याच दिवशी डबा पाठवला.

इकडं नाथाजींनी मेढ्याला जाऊन ही हकीकत चारचौघांत सांगितली होती. ती घाट उतरून कुठं कुठं गेली कोण जाणे. पाहुणे यायला लागले ते बेणं वगैरे न विचारता थेट म्हणायचे, "गिरणवाल्या आक्का कुठं हाईत?" जी बाई पोटच्या पोराचं झाकत नाही ती दुसऱ्याचं कशाला झाकेल, असा त्यांचा हिशेब. आमच्या पोरांनी याचा धसकाच घेतला. गिरणीसमोरून जाताना जो तो सरळ चालायला लागला. एकजण तर शेतात जाताना मुद्दाम वाट वाकडी करून खोरं खांद्यावर घेऊन गिरणीवरून जायचा. वरच्या आळीतल्या एका बापानं आक्काताईला गुळाची ढेप पाठवली. तिनं ढेप परत केली, आणि पाहुणे आल्यावर सांगितलं, पोरगं गुणाचं आहे, पण बापाला माणसं विकत घ्यायची खोड आहे. लग्न झालं. बाप अजून तिच्याशी बोलत नाही.

माझ्यासाठी स्वप्नाचे, म्हणजे आता माझ्या बायकोचे, मामा आले तेव्हा मी दुकानात टेबलाखाली स्क्रू शोधत होतो. गिरण थांबली. माझा श्वासही थांबला. "कपिल चांगला हाय," आक्काताई गर्जली. "कानानं चांगलं ऐकतंय. निर्व्यसनी हाय, ह्ये मी खरं सांगतीय. पर आळशी हाय. आईनं चारदा हाक मारल्याबिगर उठत न्हाई, आन दुकान उघडायचं त्येच्या मनाला आलं की." मी टेबलाखालून बाहेरच आलो नाही. स्वप्ना आता म्हणते, एवढंच वाईट सांगितलं तेव्हाच मी हो म्हटलं. हल्ली दुकान वेळेवर उघडतं. उघडावं लागतं.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र होत नव्हती. शिवतेज येत नव्हता. आक्काताई दुसऱ्यांच्या लग्नांत अक्षता टाकून यायची आणि घरी एकटी जेवायची.

मग दिवाळीच्या आधी एका शनिवारी तो गाडीतून उतरला. सरळ पायांनी. आईकडं न बघता आत गेला आणि पोती उचलायला लागला. मला नंतर म्हणाला, "लय राग हुता गड्या. पर राग नक्की कशाचा, त्येच सापडंना. तिनं एक शब्द खोटा सांगितला न्हवता." आक्काताईनंही त्याला काही विचारलं नाही. पण ती दर शनिवारी गिरण चालू असताना त्याला हाक मारायची, तो जवळ आला की म्हणायची, "काय म्हणतोस? वाकून बोल, ऐकू येत न्हाई." आयुष्य त्या घरघरीत काढलेल्या बाईला ऐकू येत नाही यावर तो बिचारा विश्वास ठेवायचा, वाकून तिच्या तोंडाजवळ बोलायचा आणि ती त्याच्या श्वासाचा वास घेऊन समाधानानं डबे भरायला वळायची.

उन्हाळा निघून गेला. एका शनिवारी दुपारी नाथाजी पुन्हा उतरले. या वेळी पिशवी रिकामी नव्हती, तिच्यात मेढ्याकडची फणसाची पोळी होती. शिवतेज आत पोतं रिकामं करत होता, तो पोतं धरून तसाच राहिला.

"बाई, मला संयोगितानं पाठवलंय," नाथाजी म्हणाले. "दुसरं ठिकाण बघू म्हणलं तर न्हाई म्हणती. म्हणती, जी आई पोराचं झाकत न्हाई ती सुनंला छळायची न्हाई. त्या आईलाच परत इचारा. म्हणून आलो. आता काय सांगता?"

बाकावर सुभेदार होते, हिंदुराव होते, मी दुकानातून बाहेर आलो होतो. आक्काताईचा हात बटणाकडं गेला. गिरण थांबली. तिनं पोराकडं बघितलं. एवढे दिवस वास घेऊन तिला जे कळलं होतं ते ती सांगू शकली असती, आणि एका शब्दात सोयरीक जमली असती.

"मला नगा इचारू," ती म्हणाली. "त्येला इचारा. बघू, त्यो काय सांगतोय."

शिवतेजनं पोतं खाली ठेवलं. हात पुसले. मला वाटलं, आता हा म्हणणार, सोडली, शपथ. तसं म्हटलं असतं तर कुणी अडवणार नव्हतं.

"सोडली," तो म्हणाला. मग थांबला. "दिवाळीत एकदा घेतली. शिरवळातच. तवापास्नं न्हाई."

नाथाजींच्या चेहऱ्यावर काही दिसेना. आणि तेवढ्यात आक्काताईचा आवाज फुटला, तोही मोटार चालू असल्यासारखा.

"दिवाळीत कवा रं? दिवाळीत तू चार दिस कामावर हुतास म्हणून सांगितलंस की मला."

शिवतेजनं मान खाली घातली. "त्यातलाच एक दिस," तो पुटपुटला.

आधी हिंदुराव हसले, मग सुभेदार, मग नाथाजी. म्हातारा इतका हसला की टोपी हातात घ्यावी लागली. डोळे पुसून त्यांनी फणसाच्या पोळीची पुडी काढली आणि आक्काताईच्या पिठाळ हातावर ठेवली.

"हे आमाला कुणीच सांगितलं नसतं, तुमीबी न्हाई. पोरानं सोताहून सांगितलं," ते म्हणाले. "लग्नाच्या याद्या कवा करायच्या ते सांगा, विहीणबाई."

आक्काताई पुडी धरून उभी राहिली. दारात डब्यांची रांग लागली होती, लोकांना घरी जायची घाई होती. तरी त्या दिवशी बराच वेळ कुणी गिरण सुरू कर म्हणालं नाही.